खाली कारखाना, वर संसार

सोलापूरच्या पूर्व भागात घर बघायला आलेलं गिऱ्हाईक नवखं असेल तर भिंती आणि खिडक्या बघतं. मुरलेलं गिऱ्हाईक आधी खाली बघतं. साखर पेठ, भद्रावती पेठ, दाजी पेठ, कन्ना चौक, अशोक चौक या पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या घरांच्या तळमजल्यावर कधी ना कधी माग चालला आहे, आणि माग गेला तरी खुणा राहतात. फरशीतले बोल्ट कापून काढलेले असतात, पण त्यांचे गंजके ठिपके चौकोनात दिसतात. भोवती वंगणाचा काळा डाग असतो. तो घासून जात नाही, फरशीच बदलावी लागते. घर त्याहून जुनं असेल तर एखाद्या कोपऱ्यात चार शहाबादी फरश्या बाकीच्यांपेक्षा नव्या वाटतात. तिथं टाचेनं आपटून बघा, आवाज पोकळ येतो. हातमागावर विणणारा माणूस जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसायचा आणि पायानं पट्ट्या दाबायचा, तो हा खड्डा. पुढं हातमाग जाऊन पॉवरलूम आला तेव्हा खड्डा बुजवायचा कंटाळा करून कुणीतरी वर फरशी टाकलेली असते.

मी घरांच्या खरेदी-विक्रीची दलाली करतो. मुलानं पाटीवर ‘प्रॉपर्टी कन्सल्टंट’ असं रंगवून घेतलंय, पण गल्लीत मला दलालच म्हणतात आणि मला त्यात कमीपणा वाटत नाही. वडील गिरणीत होते. सोलापुरात पहिली मोठी कापडगिरणी 1877 साली निघाली, तिला आजही सगळे ‘जुनी मिल’ म्हणतात. त्यानंतर आणखी गिरण्या आल्या, शहर भोंग्यावर उठायला-झोपायला लागलं. माझ्या तरुणपणी ते भोंगे एकेक करून बंद पडत होते. वडिलांची देणी अडकली, मी कॉलेज सोडलं आणि नोंदणी कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका बाँड रायटरकडं लिहायला लागलो. तेव्हा खरेदीखतं हातानं लिहायची. अक्षर बरं होतं म्हणून काम मिळालं, आणि लिहिता लिहिता कळत गेलं की घराचा व्यवहार मोडतो तो भावावरून क्वचितच. तो मोडतो सह्यांवरून.

आमच्याकडं घरं कशी बांधली गेली ते कळल्याशिवाय ती कशी विकली जातात ते कळायचं नाही. पद्मशाली विणकर तेलंगणातून, म्हणजे त्या वेळच्या निजामाच्या मुलखातून, पोटासाठी इकडं आले. घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, बाजारात कन्नड आणि दखनी अशी चार भाषांची माणसं. त्यांनी आधी मागाला जागा केली आणि उरलेल्या जागेत संसार मांडला. तळमजल्याचं छत उंच, कधी कधी चौदा-पंधरा फूट, आणि वरच्या खोल्या मात्र बुटक्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, काय हौस होती खालच्या मजल्याची! हौस नव्हे. चादरीवर नक्षी काढणारं जकार्ड मागाच्या डोक्यावर बसतं, त्याला तेवढी उंची लागते. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ त्याच्यावरून फिरते आणि कुठला धागा उचलायचा ते ठरतं. आज तीच उंची विक्रीच्या कामाला येते. दुकानदाराला पोटमाळा काढता येतो, म्हणून तो चार पैसे जास्त देतो.

वर राहणाऱ्यांना मागाची सवय असते, विकत घेणाऱ्याला नसते. शेजारच्या घरात माग चालू असेल तर भिंतीला हात लावला की थरथर जाणवते. मी गिऱ्हाइकाला मुद्दाम लूम चालू असतानाच घर दाखवतो. काही धंदेवाले बंद वेळ बघून दाखवतात, मग ताबा घेतल्यावर पहिल्या रात्री फोन येतो, “ओ मामा, हे काय लावलंय?” घर विकून दुसऱ्या भागात गेलेल्या एका म्हाताऱ्या बाईंची तक्रार उलटी होती. नव्या फ्लॅटमध्ये त्यांना झोप लागेना, कारण आवाजच नाही. त्यांच्या सुनेनं ते हसत हसत सांगितलं. मी मात्र हसलो नाही, कारण माझे वडीलही गिरणी बंद पडल्यावर कितीतरी दिवस भोंग्याच्या वेळेला उठून बसायचे.

सोलापुरातल्या गिऱ्हाइकाचा पहिला प्रश्न जगात दुसरीकडं कुठं विचारत असतील असं वाटत नाही. “टाकी किती लिटरची?” उजनी आहे, टाकळी आहे, हिप्परगा आहे, तरी नळाला पाणी काही दिवसांआड येतं. त्यामुळं मोठा हौद असलेलं जुनं घर नव्या चकचकीत घरापेक्षा लवकर जातं. मग रस्ता किती फुटी, गाडी दारात येते का, दार दक्षिणेला तर नाही ना, लाइटचं मीटर घरगुती की कारखान्याचं, जुनं बिल थकलंय का. भिंतीला लोणा लागलेला असेल तर विकणारा तिथं कपाट सरकवून ठेवतो, हे मी इतकं बघितलंय की रिकाम्या खोलीत एकच कपाट दिसलं की आधी त्याच्या मागं बघतो.

भाव कसा ठरतो म्हणाल, तर घराला भाव नसतो, जागेला असतो. सरकारी रेडी रेकनरचा दर एक, पेठेतला चालू भाव दुसरा, आणि मालकाच्या मनातला तिसरा. मालक हिशेब मांडतो तो असा: वडिलांनी इतके माग टाकले, त्यावर इतक्या मुलींची लग्नं झाली, दोन मजले चढवले. घेणारा हिशेब मांडतो तो असा: पाडायला किती खर्च, मलबा उचलायला किती. मी दोघांच्या मधे बसतो. पूर्वी मालकाला समजावायला जायचो की काका, हे सगळं पडणार आहे, तुमच्या सागवानी तुळ्या वखारीत जाणार आहेत. आता तसलं काही बोलत नाही. शेजारच्या गल्लीतली झालेली दोन खरेदीखतं दाखवतो, चहा मागवतो आणि गप्प बसतो. आकडा हळूहळू आपल्या आपण खाली येतो. गप्प बसणं या धंद्यात सगळ्यात उशिरा शिकता येतं.

घर विकायला का निघतं? लोक म्हणतात पैशासाठी. माझ्या अनुभवात कारण बहुतेकदा वेगळं असतं. खालचं काम थांबतं, मग वर्ष-दोन वर्षांत घर विकायला निघतं. माग चालू असतो तोवर तीन भाऊ भांडत का होईना एका छताखाली राहतात, कारण बीम भरायला, माल पोचवायला, वीजबिल भरायला एकमेकांची गरज असते. पानिपतहून स्वस्त माल यायला लागला, त्यातला काही तर सोलापुरी म्हणूनच विकला जायला लागला, तेव्हा चादरीला भौगोलिक मानांकन मिळूनही पेठेतल्या छोट्या कारखानदाराच्या हातात फारसं काही आलं नाही. ज्यांना जमलं ते टॉवेल-नॅपकिनकडं वळले, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत गेले. ज्यांना नाही जमलं त्यांचे माग भंगारात किलोवर गेले. मागाचं भंगार भरलेला टेंपो एखाद्या गल्लीतून निघाला की मी त्या घराचा नंबर डायरीत लिहून ठेवतो. ऐकायला हे गिधाडासारखं वाटेल, पण नोंद नेहमी कामाला येते.

असंच एक घर. तीन भाऊ, दोन बहिणी. वडील वारलेले, उताऱ्यावर अजून वडिलांचंच नाव. भावांनी गिऱ्हाईक आणलं होतं, भाव ठरला होता, मी फक्त कागद बघायचे. बहिणींचं काय, असं विचारलं तर थोरला म्हणाला, “त्या काय, येतील सहीला. त्यांना काही नको.” हे वाक्य मी या धंद्यात सगळ्यात जास्त वेळा ऐकलंय, आणि बोलणारा नेहमी भाऊच असतो.

कायदा काय आहे ते आता बऱ्याच जणांना ऐकून माहीत आहे. महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीनं अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क आला. 2005 साली केंद्राच्या कायद्यानं तो सगळ्याच मुलींना आला, लग्न झालेलं असो वा नसो. त्यातही 2005 ला वडील हयात असायला हवेत की नको यावरून कोर्टात घोळ होता, तो 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं मिटवला: हयात असण्याची गरज नाही. हे झालं वडिलोपार्जित मिळकतीचं. वडिलांनी स्वतः कमावलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर मुलीचा वाटा 1956 च्या कायद्यापासूनच आहे. तरी पेठेत अजून ‘बहिणींचं हक्कसोड घेऊन टाकू’ असंच म्हणतात, जणू गॅसची टाकी आणायची आहे.

धाकटी बहीण हैदराबादला दिलेली. ती आली, वरच्या खोलीत बसली, आणि मी कागद वाचून दाखवला. ती शांतपणे म्हणाली, “अण्णा, मी नऊ वर्षांची असल्यापासून कांड्या भरल्या. लग्न होईपर्यंत. शाळेतून आलं की चाकावर बसायचं. बाहेरच्या बाईला तुम्ही कांड्या भरायचे पैसे देत होता की नाही? मग तेवढा हिशेब करा. जागेचा वाटा राहू दे.” मधला भाऊ हसला. थोरला हसला नाही. तो खाली कारखान्याकडं बघत राहिला, मग उठून आत गेला आणि बायकोशी काहीतरी बोलून परत आला. हिशेब कुणी केला नाही. तो करता येण्यासारखाही नव्हता. पण दोन्ही बहिणींची नावं विकणार म्हणून खरेदीखतात आली आणि प्रत्येकीच्या नावानं वेगळा चेक निघाला. भावांपेक्षा कमी रकमेचा, हेही सांगून टाकतो. तिनं तो पर्समध्ये न ठेवता पदराच्या टोकात बांधला आणि भावजयीबरोबर जेवायला बसली.

त्या दिवसापासून मी एक पद्धत पाडली. घर विकायचंय म्हणून कुणी आलं की आधी विचारतो, बहिणी किती आणि कुठं आहेत. पहिल्या बैठकीला त्या नसतील तर मी टोकन घेऊ देत नाही. त्यामुळं काही कामं हातची गेली. “हा दलाल घरात भांडणं लावतो” असंही एकानं चौकात सांगितलं. पण जी कामं झाली ती कोर्टात गेली नाहीत. दलालाला यापेक्षा मोठं सर्टिफिकेट नको.

बायकांच्या हाताचं आणखी एक काम या घरांमध्ये आहे आणि तेही उताऱ्यावर दिसत नाही. विडी. सकाळी कारखान्यातून तेंदूची पानं आणि तंबाखू आणायची, दिवसभर वळायच्या, विड्या मोजून द्यायच्या. पुरुषाचा माग सणासुदीला तेजीत आणि एरवी मंदीत. विडीचा पैसा थोडा, पण दर आठवड्याचा. दाजी पेठेत एका घराचे कागद तपासताना कर्जाच्या हप्त्यांच्या पावत्यांबरोबर एक पिशवी निघाली, त्यात सासूची आणि सुनेची विडी कारखान्याची पासबुकं होती. दुसरा मजला त्या पासबुकांवर चढला होता. मिळकत पत्रिकेवर चार नावं, चारही पुरुषांची.

याच विडी कामगार बायकांमुळं शहरातल्या भाड्याच्या खोल्यांचं गणितही बदललं. 2006 साली शहराजवळ कुंभारीत गोदूताई परुळेकरांच्या नावानं त्यांच्यासाठी दहा हजार घरांची वसाहत झाली. मग तिथंच रे नगर झालं, तीस हजार घरांचं, त्यातल्या पहिल्या पंधरा हजारांच्या चाव्या 2024 च्या जानेवारीत दिल्या गेल्या. पेठांमधल्या एका खोलीत सहा-सहा माणसं राहत होती, त्यांतली बरीच तिकडं गेली. घरमालकांनी कपाळाला हात लावला, पण माझं काम सोपं झालं. भाडेकरू असलेलं घर विकणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. वडिलांच्या काळातला तोंडी भाडेकरू, पावती नाही, भाडं इतकं कमी की मागायला जायची लाज वाटावी, आणि घर सोडायला तो मागणार मालकाच्या निम्म्याइतकी रक्कम.

सगळ्यात चिवट गिऱ्हाईक मला भेटलं ते एका कामगाराच्या रूपात. त्याला जे घर घ्यायचं होतं, त्याच घरच्या कारखान्यात त्यानं तरुणपणापासून माग चालवला होता. मुलगा पुण्यात चांगल्या पगारावर लागला, आणि बापाला घर घेऊन द्यायचं म्हटल्यावर बाप म्हणाला, घ्यायचं तर तेच घ्यायचं. मालकाला आधी पटेना. आपल्याकडं कामाला असलेल्या माणसाला घर द्यायचं म्हणजे लोक काय म्हणतील! शेवटी बैठक बसली. मालक आढेवेढे घेत भाव सांगायचे आणि हा हात जोडून म्हणायचा, “मालक, त्या मागच्या कोपऱ्यात पावसात पाणी येतं, आपणच बीम हलवायचो की. आणि जिन्याखालची भिंत तीनदा लिंपली, विसरला का?” घराचं एकेक दुखणं त्याला तोंडपाठ. मी बघितलेल्या कुठल्याही इंजिनिअरनं घराची अशी तपासणी केलेली नाही. भाव चांगलाच उतरला. नंतर तो मला बाजूला घेऊन म्हणाला, “काय बघलालाव मामा, पाणी येत नाय आता. मीच पत्रा बदललो होतो.” हे मी मालकाला सांगितलं नाही. दलाली दोघांकडून घेतो, त्यामुळं दोघांचीही गुपितं ठेवावी लागतात.

आमच्या धंद्याला ऋतू असतात. पौषात कोणी टोकन देत नाही, आणि तेव्हाच सिद्धेश्वराचा गड्डा असतो, त्यामुळं अख्खं शहर तसंही यात्रेत. पितृपक्षात ऑफिस उघडून बसायचं आणि पेपर वाचायचा. पूर्व भागात आणखी एक तारीख सांभाळावी लागते, नारळी पौर्णिमेची. त्या दिवशी मार्कंडेय महाराजांचा रथ निघतो, घराघरात जानवी बदलतात, राखीपौर्णिमा असल्यानं मुली माहेरी आलेल्या असतात. एका कुटुंबानं मे महिन्यात साठेखत केलं आणि ताब्याची तारीख मात्र रथानंतरची मागितली. घेणारा मारवाडी व्यापारी, त्याला दुकान लवकर सुरू करायचं होतं. मला वाटलं अडेल. तो म्हणाला, “शेवटचा रथ त्यांना बघू द्या, मी तेवढं थांबतो.” त्यानं व्याजही लावलं नाही. असं गिऱ्हाईक मिळालं की दलालीत दोन पैसे कमी घ्यावेसे वाटतात. घेतले नाहीत, पण वाटलं.

अलीकडं विकणारे परदेशातून बोलतात. एका घराचा नातू जर्मनीत कैझर्सलाउटर्नला संशोधन करतो. वडील गेले, आईला त्यानं पुण्यात बहिणीजवळ ठेवलं, घर विकायचं ठरलं. त्याला येणं शक्य नव्हतं, म्हणून कुलमुखत्यारपत्र करायचं. परदेशात केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या आपल्या वकिलातीसमोर किंवा नोटरीसमोर करावं लागतं, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरावं लागतं. हे लोक विसरतात. पाकीट येतं, देव्हाऱ्यात ठेवलं जातं, आणि चार महिन्यांनी माझ्याकडं येतं. या मुलानं मात्र सगळं वेळेवर केलं.

कागदांच्या निमित्तानं रात्री व्हिडिओ कॉलवर बोलणं व्हायचं. एकदा तो म्हणाला, काका, इथून जवळच पिर्मासेन्स नावाचं गाव आहे, अगदी आपल्या सोलापूरसारखं, फक्त चादरीऐवजी बूट. अठराव्या शतकात तिथल्या राजानं सैन्याची छावणी वसवली. 1790 मध्ये तो वारला, छावणी मोडली आणि रिकामे झालेले सैनिक जोडे शिवायला लागले. बायका ते गावोगाव फिरून विकायच्या. त्यातून पुढं अख्खा जिल्हा बूट बनवायला लागला. मग ते काम स्वस्त मजुरीच्या देशांत गेलं, कारखाने बंद पडले. शेजारच्या हाउएन्स्टाइन गावात एका बंद बूटकारखान्याच्या इमारतीत आता बुटांचं संग्रहालय आहे. त्यानं मला तिथल्या एका घराची विक्रीची जाहिरात पाठवली. वर राहायच्या खोल्या, खाली जुनं वर्कशॉप, मागं थोडी बाग. भाषा कळली नाही, पण फोटो बघताना मला पहिल्यांदा वर्कशॉपची फरशीच दिसली. यंत्रं काढल्याच्या खुणा तिथंही होत्या.

फरक एवढाच की ते घर बऱ्याच दिवसांपासून पडून होतं. पिर्मासेन्समधली माणसं काम गेल्यावर गाव सोडून गेली, आता चाळीस हजारांच्या आसपास उरली आहेत. त्यामुळं घरं स्वस्त आणि घ्यायला कोणी नाही. आपल्याकडं काम गेलं तरी माणसं गेली नाहीत. म्हणजे मुलं पुण्याला, हैदराबादला गेली, पण त्यांच्या जागी दुसरी आली. म्हणून आपलं घर पडून राहत नाही. ते चार महिन्यांत पाडलं जातं. यातलं बरं कुठलं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, दलालाला विचारशील तर आपलंच बरं.

तिकडची एक गोष्ट मात्र मला फार आवडली. तिथं घराची खरेदी नोटरीसमोरच करावी लागते, आणि नोटरीनं अख्खा दस्त दोन्ही बाजूंना मोठ्यानं वाचून दाखवायचा, असा कायदाच आहे. शब्द न् शब्द. आपल्या दुय्यम निबंधकाकडं टोकन नंबर पुकारला जातो, फोटो, अंगठा, सही, आणि पुढचा नंबर. सही करणाऱ्या म्हाताऱ्या आईला आपण काय विकलं हे बऱ्याचदा घरी गेल्यावर कळतं. तेव्हापासून मी खरेदीखत आदल्या दिवशी घरी जाऊन मोठ्यानं वाचतो. मराठी न समजणारी अव्वा, म्हणजे आजी, असेल तर तेलुगूत सांगतो. माझं तेलुगू धड नाही, त्यावर पोरं हसतात, पण अव्वाला कळतं. एकदा असंच वाचताना लक्षात आलं की चतुःसीमेत पूर्व आणि पश्चिम उलट लिहिलं होतं. वाचलं नसतं तर चूकदुरुस्ती दस्तासाठी सगळ्यांना परत गोळा करावं लागलं असतं.

त्या नातवाच्या घरातून ताबा देताना पोटमाळ्यावर जकार्डच्या पुठ्ठ्यांचा एक गठ्ठा निघाला. दोऱ्यानं ओवलेला, उंदरांनी कडा कुरतडलेला. घेणाऱ्याची माणसं तो कचऱ्यात टाकत होती. मी फोटो काढून त्याला पाठवला. त्यानं लगेच फोन केला आणि विचारलं, यावर कुठली नक्षी आहे? मला काय सांगता येणार! मी तो गठ्ठा अशोक चौकातल्या एका जुन्या विणकराकडं नेला. त्यानं पुठ्ठे हातात धरून बोटानं भोकं चाचपली, दोन-चार पुढची, दोन-चार मागची, आणि म्हणाला, “मोर आहे. किनारीला वेल.” पुण्यात आईला विचारलं, तिला तो मोर आठवत होता. गठ्ठा कुरिअरनं पुण्याला गेला. कुरिअरवाल्यानं आत काय लिहू म्हणून विचारलं, मी ‘जुने कागद’ लिहा म्हणालो.

18 मे 2025 च्या पहाटे अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. मालकाचं कुटुंब त्याच इमारतीत राहत होतं. त्या आठवड्यात माझा फोन वेगळ्याच कारणानं वाजत होता. खाली माग आणि वर संसार असलेली माणसं विचारत होती, राहायला वेगळी जागा आहे का, लहानशी चालेल. सुताचा ढीग, कोन, तंतूंची धूळ, जुनं वायरिंग, आणि वर जायला एकच जिना, तोही कारखान्यातून. इतकी वर्षं आम्ही सगळे त्याला सोय म्हणत आलो. आता कुठलंही घर दाखवताना मी जिना बाहेरून आहे का ते आधी बघतो, आणि नसेल तर घेणाऱ्याला तोंडावर सांगतो, मालक ऐकत असला तरी.

या घरांबद्दल हळवं होऊन लिहिणाऱ्यांचे लेख मी वाचतो. त्यांना ती घरं वाचवायची असतात. मला त्यात राहणाऱ्यांना बाहेर पडताना पुरते पैसे मिळवून द्यायचे असतात. दोन्ही कामं एकदम होत नाहीत असं माझं स्पष्ट मत आहे. घर वाचवायचं असेल तर आधी त्यातलं काम वाचवा, मग माझ्यासारख्याला कोणी बोलावणार नाही. ते होत नसेल तर निदान कागद नीट करा. वडील गेल्यावर वर्षाच्या आत वारसनोंद लावा. जुनी हातानं लिहिलेली खरेदीखतं लॅमिनेट करू नका, अक्षरं उडतात. घरपट्टी ज्याच्या नावावर आहे तोच मालक असं समजू नका. आणि बहिणींना फोन करा, दलालाच्या आधी.

सध्या माझ्याकडं भद्रावती पेठेतलं एक घर आहे. खाली कारखाना, पंधरा फूट उंची, मागच्या बाजूला शहाबादी फरशीखाली खड्डा, वर तीन खोल्या आणि गच्ची. जिना बाहेरून. टाकी दहा हजार लिटरची. उताऱ्यावर दोन भाऊ आणि तीन बहिणी, पाचही जणांची संमती लेखी माझ्या फाइलमध्ये आहे. बघायला यायचं तर सकाळी दहाच्या आत या, नंतर त्या गल्लीत गाडी लावायला जागा मिळत नाही.